लाल पेन्सिलीच्या फुल्या

आमच्या सोसायटीला पन्नास वर्षं होत आहेत, म्हणून स्मरणिका निघते आहे. माझा पंचवीस वर्षांपूर्वीचा लेख तीत पुन्हा छापायचं कमिटीने ठरवलं. अशोकाच्या सालीच्या काढ्याने बाईची पाळी नियमित होते, याचा पुरावा मी त्या लेखात दिला होता. तो छापू नका, त्याऐवजी हे छापा, असं मी कळवलं आहे.

तेव्हा बायको पंचेचाळिशीत होती. पाळी कधी तीन महिने येत नसे, कधी महिन्यात दोनदा येई. माझी आई आमच्याकडेच राहायची. काढा तिनेच सुचवला. मी घाटकोपरच्या एका काष्ठौषधींच्या दुकानातून साल आणली आणि रोज सकाळी सहाला उठून स्वतः उकळू लागलो. तोवर मी गॅसवर कधी चहाही ठेवला नव्हता.

पुरावा होता भिंतीवरच्या कॅलेंडरात. आईमुळे घरात अजून शिवाशिव पाळत. ते चार दिवस बायको देवाला आणि स्वयंपाकाला हात लावत नसे. स्वयंपाक आई करी, पूजा मी. त्या तारखांवर मी लाल पेन्सिलीने फुल्या मारत असे. काढा सुरू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यापासून फुल्या ओळीने पडू लागल्या. अठ्ठावीस दिवस झाले की चार फुल्या, असं सहा महिने. मुलुंडच्या शाळेत विज्ञान शिकवणारा मी, एवढ्यावर भाळलो. लेखात तारखांचा तक्ताच दिला.

तळमजल्यावरची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिचीही पाळी लांबायची. तिची आई तिला डॉक्टरकडे घेऊन निघाली होती, तर मी दोघींना जिन्यात थांबवून तक्ता दाखवला. पोरीने आठ महिने काढा घेतला. केस गळाले, वर्गात डोळे मिटायला लागले, वर्ष वाया गेलं. शेवटी तिची आई तिला डॉक्टरकडे घेऊन गेलीच. रक्त तपासलं तर थायरॉइड निघालं, आणि रोजच्या एका गोळीने हळूहळू सगळं मार्गी लागलं. त्या बाईने मला एका शब्दाने दुखवलं नाही. सणावारी पुरणपोळ्या वर येतच राहिल्या. मग मी स्वतःची समजूत घालायचो की साल एकीला लागू पडते, एकीला नाही. बायकोच्या बाबतीत तरी पुरावा खरा आहे.

गेल्या महिन्यात मी तो लेख बायकोला वाचून दाखवला. ती मेथी निवडत होती. तक्त्यापाशी आलो आणि ती हसायलाच लागली.

"अहो, त्या फुल्या म्हणजे माझ्या सुट्ट्या होत्या."

पाळी पूर्वीइतकीच बेभरवशाची होती. ती आली नाही की विश्रांतीही नाही, म्हणून हिने तारखा स्वतःच ठरवल्या आणि चार-चार दिवस गॅलरीत बसून कादंबऱ्या वाचल्या. खरी आली, तेव्हा गप्प राहून पोळ्या लाटल्या. काढा पंधरा दिवस प्यायली, पुढचा कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला. खालच्या पोरीला मी काढा देतोय हे हिला फार उशिरा कळलं. त्याच दिवशी खाली जाऊन पोरीला डॉक्टरकडे न्यायला तिच्या आईला सांगितलं, ते हिनेच.

मग मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

"तुम्ही सहाला उठून माझ्यासाठी काहीतरी उकळत होतात. ते बंद पडलं असतं ना."

दुसऱ्या दिवशी मी तळमजल्यावर गेलो. ती मुलगी आता स्वतः एका मुलीची आई आहे. तिला सगळं सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली,

"काका, माझ्या लेकीची नुकतीच सुरू झालीये. तुमचा लेख वाचून तिलाही कोणीतरी काढा देईल. आधी तपासून घ्या, एवढं लिहा."

ते लिहितो आहे. आधी डॉक्टरकडून तपासून घ्या. साल निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही, मला ते ठाऊकच नाही. माझ्या तक्त्यावरून एका बाईला विश्रांती किती हवी होती, एवढंच सिद्ध होतं.

सहाला मी अजूनही उठतो. आता चहा ठेवतो. तो ती पूर्ण पिते. कुंडीवर माझं लक्ष असतं.