टायफॉइड नव्हता तो

मंगला गेल्याचा फोन आला तेव्हा मी बालाघाटच्या बसस्टँडवर उभी होते, तिलाच भेटायला निघालेली. माझी धाकटी बहीण, वय चौतीस. खैरलांजीला तिच्या सासरी पोचले तर दारातच एका नातलगाने बजावलं, "पेपरात देसान त अल्प आजारानं गेली, असंच द्या बाई." महिना झाला त्याला. आज लिहिते आहे, आणि तसं मुळीच लिहिणार नाही.

आठव्या वर्षी मंगलाला रक्ताचा कॅन्सर झाला. नागपूरला अडीच वर्षं उपचार चालले आणि पोरगी ठणठणीत बरी झाली. गावात मात्र आम्ही टायफॉइड सांगितला. केस गेले, तर नवसाचं मुंडण म्हणून सांगितलं. पुढे तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा आईने दवाखान्याची फाइल चुलीत घालायला लावली. घातली मी. अजून राग येतो... स्वतःचाच.

मग कोरोना आला. लहानपणीच्या त्या औषधांनी पुढे हृदय कमजोर होऊ शकतं, जपून राहा, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. सासरी हे कोणालाच, अगदी नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. त्यातच तिच्या दिराचं लग्न निघालं, मीही गेले होते. अंगणभर माणसं, मास्क कोणाच्या तोंडाला नाही. मंगला खोलीबाहेर येईना, तशी बायकांची कुजबुज सुरू झाली. सासूबाईंनी दार वाजवलं, "काहून लपून बसली वं?"

तिने दार उघडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मले लहानपणी कॅन्सर झालता. त्यातून वाचली मी. आता पंगतीसाठी नाही मरत."

मी तिचा हात धरून तिला आत ओढू लागले, ती हलली नाही. सासूबाई म्हणाल्या, "बस मंग. ताट खोलीतच पाठवतो."

पुढच्या लाटेत कोरोनाने तिला गाठलंच. तापातून उठली, पण दम लागायचा तो लागतच राहिला. डॉक्टर विचारायचे, लहानपणी कोणती औषधं दिली होती? फाइलची तर राख झालेली. गाड्या सुरू होताच ही बाई एकटी नागपूरला गेली, दवाखान्याच्या जुन्या दप्तरातून औषधांची नावं शोधून उतरवून घेऊन आली. त्यावरून हृदयावर इलाज चालला म्हणून आणखी काही वर्षं मिळाली, आणि ती तिने मान वर करून काढली.

ती नावं तिने पुठ्ठ्यावर ठळक लिहून बैठकीत कॅलेंडरशेजारी टांगली होती. वर मथळा, 'मला कॅन्सर झाला होता.' तेरवीला पाहुणे येणार म्हणून कोणीतरी पुठ्ठा उतरवायला गेलं. सासूबाई बसल्या जागेवरून कडाडल्या, "हात नोको लावू. माह्या सुनेनं लिवलं हाय ते."

मग मी उठले आणि भरल्या बैठकीत तो पुठ्ठा मोठ्याने वाचला, मथळ्यापासून.