'थम' या शब्दाचा वापर

फौजेतली माझी शेवटची पोस्टिंग महूला होती. निवृत्तीनंतर मी इंदूरलाच राहिलो. जुनी इंदूर या भागात दोन खोल्या आहेत. पहाटे साडेपाचला मी घरामागच्या मैदानावर असतो.

वरच्या मजल्यावरची अपर्णा शाळेत गणित शिकवते. वय अडतीस. मागची मॅरेथॉन तिने चार तास नऊ मिनिटांत पूर्ण केली. गेल्या वर्षी ती माझ्याकडे आली.

"काका, मला चार घंट्यांच्या आत यायचंय. घरचे म्हणतात, आता बस कर. या वेळी नाही जमलं तर मीच बूट काढून ठेवीन."

मी तिला पाच किलोमीटर धावायला लावले आणि पाहिले. खांदे कानांपर्यंत चढत. हात छातीसमोर आडवे जात. पाऊल शरीराच्या फार पुढे, टाचेवर पडत होते. दोन महिन्यांत हे दोष काढले. कोपरे काटकोनात, मुठी सैल, पाऊल शरीराखाली, नजर वीस पावले पुढे.

एक दोष राहिला. हाक आली की तिची मान वळत असे. अर्ध्या शहरात तिचे विद्यार्थी आहेत. सरावात राजवाड्यापाशी एकाने स्कूटरवरून विचारले, "मॅडमजी, थकल्या का? ऑटो करून देऊ?"

"तू आधी सातचा पाढा म्हणून दाखव, भिया!" ती मागे वळून हसली. श्वासाची मोजणी तुटली. पुढचे दोनशे मीटर वाया गेले.

"तुम्ही सगळं शिकवलं काका, पण फोकस कसा ठेवायचा ते शिकवतच नाही," ती म्हणाली.

"ते मला येत नाही."

हे खोटे होते.

नाईक भगवान शेलार आमच्या पलटणीचा धावपटू होता. पलटण तेव्हा डोंगराळ भागात होती. मी पी.टी.चा उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक. शेलारचे डावे कोपर बाहेर जात असे. ते सहा महिन्यांत बसवले. मग एकाग्रतेकडे वळलो.

पद्धत माझीच होती. ड्रिलमध्ये 'थम' या हुकुमावर जवानाचा पाय आपोआप थांबतो. मी रस्त्याच्या कडेला जवान उभे केले. शेलार जवळून गेला की त्यांनी 'थम' असे ओरडायचे. तो थांबला किंवा वळला, तर दोन फेऱ्या जास्त. ऐकू आले पण फसलो नाही, हे कळवायला त्याने मागे न पाहता डावा हात वर करायचा.

जवानांना मजा वाटू लागली. "शेलार, थम! लेस सुटली!" "शेलार, थम! वहिनी आल्यात!"

पहिल्या आठवड्यात तो सात वेळा थांबला. तिसऱ्या आठवड्यात फक्त हात वर जाऊ लागला. मग मी स्वतः ओरडू लागलो, कारण उस्तादाचा आवाज सर्वांत अवघड. त्यालाही तो बधला नाही. मी डायरीत लिहिले, 'फोकस उत्तम.'

स्पर्धेला चार आठवडे होते. आदल्या रात्री पाऊस झाला होता. सकाळी सहाला मी रस्ता पाहून आलो. ठीक होता. सहा चाळीसला वरच्या चौकीचा रेडिओवर निरोप आला.

"उस्ताद, पहाड़ छूट रहा है. मोड़ के ऊपर. रनर को रोको. ओवर."

शेलार माझ्यापुढे साठ पावलांवर होता. वळण त्याच्यापुढे तेवढेच. मी ओरडलो, "थम!"

त्याने डावा हात वर केला.

मी पुन्हा ओरडलो. हात वरच राहिला. खांदे सैल होते, नजर सरळ. त्याची धाव त्या दिवसाइतकी निर्दोष मी कधी पाहिली नव्हती.

तिसऱ्यांदा मी "भगवान!" अशी हाक मारली. सात वर्षांत मी त्याला पहिल्या नावाने कधीच बोलावले नव्हते. त्याने लगेच मान वळवली. तोवर तो वळणावर पोहोचला होता.

अकरा वीसला दरडीखालून त्याला बाहेर काढले. चौकशीत कोणाचा दोष निघाला नाही. माझी डायरी कोणी मागितली नाही.

हे मी अपर्णाला सांगितले. ती बराच वेळ बुटाच्या नाड्या बांधत राहिली.

"तो शब्द नको, काका. पण शिकवा."

मी नियम घातला. कोणाच्याही हाकेला मान वळवायची नाही. मात्र मी 'अपर्णा' म्हटले, की असेल तिथे थांबायचे. मग शेवटची रेषा एका पावलावर का असेना. रोज सरावात मी तिला तीनदा थांबवीत असे.

"असं थांबवत राहिलात तर चार घंटे कसे होणार?"

"होतील. नावाला थांबायचं."

स्पर्धेच्या दिवशी मी अडतिसाव्या किलोमीटरला उभा राहिलो. ती आली. खांदे खाली होते. पलीकडून पोरे "मॅडमजी, मॅडमजी" ओरडत होती. मान हलली नाही. मी तोंड मिटून घेतले होते. माझ्यापुढे वीस पावले गेल्यावर तिने मागे न पाहता डावा हात वर केला.

तो इशारा मी तिला शिकवला नव्हता. फक्त सांगितला होता.

मी दुभाजकावर बसलो. किती वेळ बसलो, ते घड्याळात पाहिले नाही.

तिची वेळ तीन तास अठ्ठावन्न मिनिटे. बूट तिने काढून ठेवलेले नाहीत.

आता पहाटे साडेपाचला धावण्याआधी मी हजेरी घेतो. पहिले नाव 'भगवान शेलार'. उत्तर यायला लागतो तेवढा वेळ मी थांबतो. अपर्णाही सावधान उभी असते. मग मी दुसरे नाव घेतो.

"हजर," ती म्हणते.