चाकांच्या घराची वास्तुशांत

शुद्धलेखनाच्या चुका आणि किरट्या अक्षराबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली, आणि पुढे वाणसामानाच्या यादीपलीकडे लिहायची वेळ आली नाही. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, पण घरातलं कोणीतरी चोरून वाचणारच, म्हणून माफी.

आता मुद्द्याचं. माझ्या सोन्याच्या पाटल्या एका उंटाने खाल्ल्या. उंटाचा काही दोष नव्हता.

आम्ही तेव्हा दुबईत, अल कुसैसला राहायचो. दोन हजार साल उजाडायच्या आसपासची गोष्ट. आमचे हे अल क्वोजच्या एका गॅरेजात फोरमन होते, आणि मी घरातून बारा जणांचे डबे द्यायचे. तीन वर्षं डबे करून मी पाच हजार दिरहम साठवले होते. म्हणजे साठ हजार रुपये. (तेव्हा एका दिरहमचे साधारण बारा रुपये यायचे. अजूनही मी मनात बारानेच गुणते.) देराच्या सोन्याच्या बाजारात पाटल्यांची जोडी बघून ठेवली होती. दुकानदार मला ओळखायला लागला होता, इतक्या वेळा मी ती नुसती बघून आले होते.

एके दिवशी हे घरी आले आणि न सांगता चपला जागेवर ठेवल्या. मी तेव्हाच ओळखलं.

"अगं, एक वस्तू स्वस्तात मिळतेय."

"केवढ्याला?"

"आधी केवढी ते विचार. बावीस फूट."

त्यांच्या गॅरेजात येणारा एक गोरा इंजिनियर देश सोडून चालला होता. तो आपला ट्रेलर विकत होता, आत दोन मोटारसायकलींसकट. ट्रेलरच्या पुढच्या भागात पलंग, गॅसची शेगडी, छोटी मोरी. मागच्या भागात मोटारसायकली. मागचं अख्खं दार खाली पाडलं की त्याचा उतार व्हायचा आणि मोटारसायकल सरळ वाळवंटात उतरायची. ह्याला म्हणे टॉय हॉलर म्हणतात.

"टॉय म्हणजे खेळणं ना?" मी आमच्या रुपालीला विचारलं. ती तेव्हा तेरा वर्षांची होती.

"यस आई. बट फॉर बिग बॉईज," ती बाबांकडे बघत म्हणाली.

किंमत चौदा हजार. ह्यांच्याकडे नऊ होते. उरलेले कुठून येणार हे सांगायची गरज नव्हती. ह्यांचं म्हणणं, थंडीच्या दिवसांत शुक्रवारी वाळवंटात मोटारसायकल चालवायला खूप लोक जातात, त्यांना ट्रेलर भाड्याने देऊ आणि सहा महिन्यांत तुझे पैसे परत.

मी चारचौघांत बोलत नाही. दुकानात भाव करायचा झाला तरी रुपालीला पुढे करते. पण घरात माझा व्यवहार पक्का असतो. मी कागद घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, "पाच हजार दिरहम उसने दिले. सहा महिन्यांत परत करावे. ट्रेलरचं, किंवा ट्रेलरमुळे दुसऱ्या कशाचं नुकसान ज्याच्या हातून होईल, त्याने ते भरावं." ही शेवटची ओळ मी खास ह्यांच्यासाठी घातली होती. लग्नापासून ह्यांनी तीन मोटारसायकली पाडल्या होत्या आणि प्रत्येक वेळी खर्च घरखर्चातून गेला होता. ह्यांनी सही केली. खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी भावोजी साक्षीदार. ते एका कंपनीत अकाउंट्स बघायचे, त्यामुळे कागद त्यांच्याकडेच ठेवायला दिला.

"वहिनी, ही अट जबरदस्त आहे. आमच्या कंपनीत तुम्हाला घ्यायला हवं," ते म्हणाले. मी लाजून आत गेले, पण दिवसभर खूश होते.

ट्रेलर गॅरेजच्या आवारात येऊन उभा राहिला. पहिल्या शुक्रवारी न्यायचं ठरलं. मी म्हटलं, आधी पूजा.

"गाडी आहे ती. नारळ फोड, हार घाल, झालं," हे म्हणाले.

"आत चूल आहे, पलंग आहे, मोरी आहे. मग ते घरच. घरात पाऊल टाकायच्या आधी दूध उतू घालावं लागतं."

बिल्डिंगमधली चौदा माणसं सकाळीच आली. गॅरेजचे मालक, ज्यांना सगळे अरबाब म्हणायचे, तेही कौतुकाने आले आणि आपली नवी कोरी पांढरी गाडी ट्रेलरच्या मागे थोड्या अंतरावर लावून उभे राहिले.

हे पिकअप आणायला गेले होते. ट्रेलर अजून कशालाच जोडलेला नव्हता. पुढे एका लोखंडी पायावर टेकलेला, मागे दोन्ही बाजूंना टेकूला दोन लोखंडी घोड्या लावलेल्या. जाताना हे म्हणाले होते, "मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस." पण मुहूर्त सात वीसचा होता आणि हे सात पंधरापर्यंत आले नव्हते.

मागचं दार पाडलेलं होतं, म्हणजे तोच उंबरठा. उंबरठ्यापाशी रांगोळी हवी. आणि रांगोळीच्या नेमक्या जागी त्या दोन घोड्या! मी त्या काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या. मग मोटारसायकलींना हळदकुंकू वाहिलं. एकीला पट्टा असा आवळला होता की हार बसेना. मी पट्टा सोडला. हार फार छान बसला.

मग पुढे जाऊन शेगडीवर दूध ठेवलं आणि रुपालीला म्हटलं, "सगळ्यांना आत बोलाव."

चौदा माणसं उतारावरून आत आली आणि मला संकोच वाटू नये म्हणून कोणी पुढे येईना. सगळी मागेच दाटीने उभी राहिली. दूध वर आलं. त्याच वेळी मीही वर आले. शेगडी, मोरी, पलंग आणि मी, सगळे मिळून सावकाश आभाळाकडे निघालो. मागची चौदा माणसं खाली चालली होती. मोठ्याने ओरडणं मला जमत नाही. मी पातेलं धरून हळूच म्हटलं, "अहो." हे तिथे नव्हतेच.

मग हार घातलेली मोटारसायकल निघाली. लोक दोन्ही बाजूंना झाले, जशी लग्नात नवरीला वाट देतात. ती उतारावरून रांगोळी ओलांडून गेली आणि अरबाबच्या गाडीच्या दारात शिरली.

अरबाबनी गाडीकडे बघितलं, मग मोटारसायकलीकडे, मग हाराकडे.

"हबीबी, ये अकेला आया?" त्यांनी नुकत्याच पोचलेल्या ह्यांना विचारलं. "इसका लायसन किधर है?"

माणूस मनाचा मोठा. हसला, खलास म्हणाला, म्हणजे झालं ते झालं. पण ह्यांना ते पटेना. पोलिसांचा कागद झाला (त्यात चालकाच्या नावाच्या जागी काय लिहायचं ह्यावर अर्धा तास गेला), आणि ह्यांनी नवीन दार आणून स्वतः बसवलं. अठराशे दिरहम. मोटारसायकलीचा दिवा, हँडल आणि वाकलेलं चाक मिळून साडेनऊशे. दूध गाद्यांत आणि खालच्या कार्पेटमध्ये गेलं होतं. तीन दिवस बंद ट्रेलरमध्ये ते तसंच राहिलं. चौथ्या दिवशी दार उघडायला गेलेला मेकॅनिक परत आला आणि त्याने जेवण सोडलं. गाद्या, कार्पेट सातशे.

पुढच्या रविवारी संध्याकाळी कुलकर्णी भावोजी कागद आणि कॅलक्युलेटर घेऊन आले. ह्यांनीच बोलावलं होतं.

"वहिनी, अट तुमचीच," ते चहाला फुंकर मारत म्हणाले. "घोड्या कोणी काढल्या?"

"मी."

"पट्टा?"

"हार बसत नव्हता."

"म्हणजे तुम्हीच. पाच हजारांतून चौतीसशे पन्नास गेले. राहिले पंधराशे पन्नास."

"म्हणजे अठरा हजार सहाशे रुपये," मी म्हटलं.

"आई, यू आर फास्टर दॅन द कॅलक्युलेटर," रुपाली म्हणाली. त्याचं मला त्या दिवशी काही वाटलं नाही.

पंधराशे पन्नासात जोडी नाही, पण एक पाटली थोडी भर घालून झाली असती. मी ठरवलं, आता ट्रेलरमधल्या कशालाही हात लावायचा नाही.

मार्चमध्ये आम्ही आणि कुलकर्णी भावोजी हत्ता रस्त्याच्या लाल वाळूकडे गेलो. खरं सांगते, सुंदर होतं. हे मोटारसायकलवर टेकडी चढून गेले तेव्हा मला वाटलं, जाऊ देत पाटल्या. मग भूक लागली आणि लक्षात आलं की परात घरी राहिली.

पुऱ्यांची कणीक मळायला दुसरं भांडं नव्हतं. हेल्मेट होतं. आतली गादी काढली की ते परातीपेक्षा खोल आणि हाताला सोयीचं. कणीक फार सुरेख मळली गेली, चार वेळा खाल्ल्या सगळ्यांनी पुऱ्या. हेल्मेट मी धुतलं, दोनदा, आणि गादी परत बसवली. पण आत कुठेतरी बारीक खाचा असतात आणि कणीक त्यांत जाऊन बसते, ते मला काय माहीत. जेवण झाल्यावर तेच हेल्मेट कुलकर्णी भावोजींनी घातलं आणि उन्हात तासभर फिरले. परत आले तेव्हा हेल्मेट निघेना. शेवटी पट्टा आणि बाजू कापावी लागली. भावोजींचे मुळात थोडे असलेले केस त्यात राहिले.

"साडेतीनशे," भावोजी डोकं चोळत म्हणाले. "केसांचे मी लावत नाही."

राहिले बाराशे. तरी मी डगमगले नव्हते. बाराशेत चांगल्या बांगड्या येतात.

ट्रेलरला बाजूने एक कापडी छत होतं, ओढलं की मोठ्या चादरीएवढं बाहेर यायचं. त्याच्याखाली बसून सगळे डुलक्या घेत होते. मी वर बघितलं. कडक ऊन, स्वच्छ कापड, आणि खाली माझ्या पिशवीत अर्धवट वाळलेल्या साबुदाण्याच्या दोनशे पापड्या. बिल्डिंगच्या गॅलरीत ऊन फक्त दोन तास यायचं. मी बर्फाच्या पेटीवर चढले, प्लास्टिक पसरलं आणि पापड्या मांडल्या. नुकसान होण्यासारखं त्यात काय होतं?

अर्ध्या तासाने सावली हलली. मी डोळे उघडले तर चार पाय दिसले. उंट छतावर मान टाकून निवांत जेवत होता. प्लास्टिकवरच्या पापड्या संपल्यावर त्याला कापडाला चिकटलेल्याही हव्या होत्या. त्याने कापड दातात धरून ओढलं. छताचे दोन दांडे वाकले, कापड फाटलं आणि सगळं कुलकर्णी भावोजींच्या अंगावर आलं.

"अहो," मी म्हटलं. ह्या वेळी जरा मोठ्याने.

उंटामागून एक म्हातारे बाबा आले. जवळच त्यांचा उंटांचा गोठा होता. चेहरा काळजीत. "क्या खाया?" त्यांनी विचारलं. "ये रेस का ऊंट. एक लाख दिरहम."

"बारा लाख," मी पुटपुटले आणि खालीच बसले. माझी अट माझ्या डोळ्यांपुढे आली. बारा लाखांचे किती डबे होतात, ते मोजायचं मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा टाळलं.

हे वाकलेले दांडे चाचपत होते. भावोजी कापडाखाली. मग मीच उठले. आयुष्यात कधी आपणहून परक्या पुरुषाशी बोलले नव्हते. पिशवीत उरलेल्यांतली एक पापडी काढून त्यांच्यापुढे धरली. "साबुदाणा, मीठ, जिरं. और कुछ नहीं, बाबा."

त्यांनी ती मोडून खाल्ली. बराच वेळ चावली. उंटाकडे बघितलं. मग हात पुढे केला. "और है?"

मी तळून दिल्या. त्यांनी सात खाल्ल्या, चहा घेतला, उंटाला घेऊन गेले आणि जाताना खजुरांची पिशवी ठेवून गेले. बारा लाख वाचले. त्या आनंदात मी छताची किंमत विचारायला विसरले.

ह्यांनी छत मागवलं. तेराशे पन्नास.

भावोजी शेवटचे कागद घेऊन आले. डोक्यावर टोपी होती. "वहिनी, बाराशेतून तेराशे पन्नास वजा," ते म्हणाले, आणि टोपी सारखी करू लागले.

"दीडशे," मी म्हटलं.

"कोणाकडून कोणाला?" ह्यांनी विचारलं. माणूस अगदी गंभीर चेहऱ्याने विचारत होता.

मी आत गेले. डब्यांच्या पैशांतून एक शंभराची आणि एक पन्नासाची नोट आणली, ह्यांच्या हातावर ठेवली आणि कागदावर लिहून घेतलं, "पूर्ण रक्कम पोचली." ह्यांनी सही केली, भावोजींनी साक्ष केली. अशा रीतीने पाच हजार दिरहम उसने देऊन, वर दीडशे रोख मोजून, मी कर्जातून मोकळी झाले.