हसलं कोण?

हसू का येतं, याचा मी फारसा विचार करत बसत नाही. कधी येतं, ते मात्र मला पक्कं माहीत आहे. हसायची बंदी असते तेव्हा.

लग्नाला दीड महिना झाला होता. सासरे निवृत्त सुभेदार, तिन्ही मुलगे फौजेत. माझा नवरा थोरला, दीर दोघे बिनलग्नाचे. तिघे एकदम सुट्टीवर आलेले, आणि नवऱ्याची सुट्टी त्याच दिवशी संपत होती. चारची एसटी. म्हणून कोरेगावहून फोटोवाला बोलावला. तो सायकलवरून उतरतानाच म्हणाला, "रोलमदी दोनच फोटू ऱ्हायल्यात."

सासऱ्यांनी हुकूम काढला: पहिला सगळ्या घराचा. तो नीट निघाला, तरच दुसरा आम्हा दोघांचा.

आम्हा दोघांचा! नवऱ्याजवळ माझा एकही फोटो नव्हता. मी तीनदा केस विंचरले.

सासरे खुर्च्या नकोत म्हणाले. अंगणात उंचीप्रमाणे रांग लावली. तिघे मुलगे, मग सासूबाई, टोकाला मी.

"दात दिसाया नगंत," सासूबाई कुजबुजल्या. "फोटूत हसती ती काय सून?"

सासरे रांगेच्या डोक्याला उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, "रेडी?"

एवढं कानावर पडायची खोटी, सासरे ओरडले, "सावधान!"

तीन डावे पाय एकदम जमिनीवर आपटले. आणि माझ्या शेजारी चौथा, अनवाणी! सासूबाई छाती काढून, हात मांडीला चिकटवून ताठ. मी फिस्सकन हसले. सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि तेवढ्यात बटण दाबलं गेलं.

"गेला फोटू!" फोटोवाला म्हणाला.

म्हणजे उरलेला घराचा, आमचा गेलाच. रडायला यायला हवं होतं. पण पदर तोंडात कोंबला तरी हसू काही थांबेना.

सासरे रांगेसमोर आले. "कोण हसलं? एक कदम आगे!"

माझं हसू जागच्या जागी थिजलं. पाय उचलेना. नवरा पुढे झाला. मग एक दीर. मग दुसरा. सासूबाईंनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि त्याही एक पाऊल पुढे गेल्या.

सासरे चारही गुन्हेगारांकडे बघत राहिले. मिशी थरथरली. मग पोट धरून जे हसत सुटले, ते थेट तुळशीकट्ट्यावर बसले! अंगणभर हसणं. फोटोवालाही हसता हसता बटण दाबून बसला.

"आवं सुभेदार, संपला की रोल!"

चारची एसटी मिळाली. हसता हसता निघालेला तो दुसरा फोटो पंधरा दिवसांनी आला, तो मी नवऱ्याला तसाच पाठवून दिला. नवऱ्याचं पत्र आलं: 'आम्ही सगळे हललोय. आईचा तर चेहराच ओळखू येत नाही. जागेवरून न हललेली तूच काय ती स्पष्ट आली आहेस. बाकीचे कापून टाकले.'

घरी पत्र मोठ्यानं वाचायची पद्धत होती. शेवटचं वाक्य मी गाळलं.

"मग हसतीस कशाला?" सासूबाईंनी विचारलं.