पत्र्यावरचा शेवटचा भोपळा

मशीनच्या खडखडाटातही कात्रीमावशींना तो आवाज ऐकू आला. मागच्या शेडच्या पत्र्यावरून काहीतरी घरंगळलं आणि टप्पकन खाली पडलं. बाही तशीच सुईखाली सोडून त्या परसात धावल्या. सुपारीएवढा भोपळा. पिवळा पडलेला, टोकाला सुकलेलं फूल.

"पडला?" आतून यजमानांनी विचारलं. जन्मभर बस चालवलेला माणूस. कमी बोलायचा, पण नेमकं तेच विचारायचा.

"पाचवा," मावशी म्हणाल्या.

बाजारात भोपळ्यांना तोटा नव्हता. पण हा पातळ सालीचा, हिरव्या पट्ट्यांचा भोपळा मावशींच्या आईने जपलेला. लग्नात आईने बटणांच्या डबीतून बिया दिल्या होत्या, आणि दरवर्षी एका भोपळ्याच्या बिया परत त्याच डबीत जात. शेजारच्या मोकळ्या जागेवर फरशा बसल्या तेव्हापासून मधमाश्या फिरकेनाशा झाल्या. म्हणून गेल्या वर्षी मावशी शिडीवर चढून कुंचल्याने एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावत होत्या. तिथूनच पडल्या. उजवं मनगट मोडलं, मशीन तीन महिने झाकून राहिलं आणि भोपळा एकही धरला नाही. यंदा डबीतल्या उरलेल्या तिन्ही बिया पेरल्या, रुजली एक. हा वेल रिकामा गेला की डबी कायमची रिकामी.

यजमानांनी शिडी साखळीने नळाला बांधून कुलूप घातलं होतं. किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात. तो खिसा मावशींनीच शिवलेला, पण त्यात हात घालायची सोय नव्हती.

मधमाश्यांसाठी मावशींनी काही कमी केलं नव्हतं. चांगली नऊ फुलझाडं आणून लावली होती, तीही शिवणकामाच्या नजरेने निवडून: झालरीसारख्या पाकळ्यांचा झेंडू, चुण्याचुण्यांची जास्वंद, गच्च भरलेला गुलाब. एखादी माशी यायची, घिरट्या घालायची आणि आल्या पावली निघून जायची.

दुपारी रोपवाटिकेतली बाई बाह्या आखूड करून घ्यायला आली. मावशींनी तिला हाताला धरूनच परसात नेलं.

"दिसायला झकास आहे हो," ती म्हणाली, "पण माशीने शिरायचं कुठून? इतक्या पाकळ्यांच्या गर्दीत मधापर्यंत तोंड पोचत नाही. काहींत तर पराग नावालाच. एकेरी पाकळ्यांची घ्या, मधला डोळा उघडा असलेली. आणि हा सब्जा, हा पुदिना, यांना तुरे कसे नाहीत?"

"येतात ना. लोंबतात मेले, सुटलेल्या दोऱ्यांसारखे. रोज सकाळी कापून टाकते."

बाईने कपाळाला हात लावला. "मावशी! पाहुण्यांना जेवायला बोलावता आणि ताटं उचलून ठेवता?"

मावशींचा चेहरा पडला. सगळी आळी त्यांना कात्रीमावशी म्हणायची ते उगाच नव्हतं. लोंबता दोरा दिसला की त्यांचा हात आपोआप चालायचा. परक्याच्या कॉलरचा असला तरी.

त्या दिवसापासून परसात कात्रीला बंदी झाली. बाईने फुललेली एकेरी सूर्यफुलं आणून दिली. सब्ज्याला तुरे फुटले, मुळ्याला दांडे येऊन तो पांढरा फुलला, कोथिंबीर वाटेल तशी वाढली. मावशींची बोटं शिवशिवायची.

"झाडं फार पिंजारलीत," यजमान म्हणाले.

"तुमच्या डोक्यावर नाही ते इथे उगवतंय. बघवत नसेल तर आत बसा."

पण वेलाची बुडाकडची पानं करपायला लागली होती. वर भोपळा धरू शकतील अशा दोनच मादी कळ्या उरल्या. पहिली उमलली, मिटली आणि चौथ्या दिवशी पत्र्यावरून तोच आवाज आला. कात्रीबंदीच्या बाराव्या दिवशी सब्ज्यावर माश्या गुणगुणू लागल्या. पत्र्याकडे मात्र एकही जाईना.

शेवटचं फूल उमललं त्या सकाळी यजमान दाढीला बसले होते आणि सदरा खुंटीवर होता. मावशींनी किल्ली काढली. साखळी आवाज न करता सोडवली. शिडी टेकवली. दहा वाजता फूल मिटणार, मग कुणी काही करू शकणार नव्हतं. कुंचला डाव्या मुठीत धरून त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि उजव्या मनगटातून कळ गेली.

"खाली ये." यजमान दारात उभे. अर्ध्या गालावर फेस.

"अजून चढले कुठे?"

"म्हणूनच म्हणतोय. खाली ये."

"हे शेवटचं फूल आहे हो." मावशी कळवळून म्हणाल्या. "आईचं यानंतर काही उरणार नाही."

यजमान काही बोलणार, तोच सब्ज्यावरची एक माशी उठली. शिडीच्या टोकावरून पत्र्यावर गेली, कडेच्या नराच्या फुलात शिरली, पिवळीधमक होऊन बाहेर आली आणि पानावर बसून राहिली. मावशींनी मुठीतला कुंचलाही हलवला नाही. माशीने पाय झाडले, उडाली, ते शेवटचं फूल ओलांडून पुढे गेली. मग वळली आणि आत शिरली.

पुढचे चार दिवस मशीन जवळजवळ बंदच होतं. पत्र्यावर चिमणी उतरली तरी मावशी उठून उभ्या राहायच्या. पाचव्या दिवशी काही पडलं नाही. आठव्या दिवशी भोपळा मुठीएवढा आणि हिरवागार होता, पण उतारावर लोंबत होता. भार वाढला की देठ तुटणार.

मावशींनी जाड कापडाची झोळी शिवली, दुहेरी टिपेची, झालर नसलेली. किल्ली यजमानांनी स्वतःहून काढली आणि शिडीवर स्वतःच चढले. मावशींनी खालून दोन्ही हातांनी शिडी धरली.

"डावीकडून बांधा. डावीकडून! इतकी वर्षं बस कशी चालवली देव जाणे."

"अगं, गप्प. इथे फुलात एक माशी बसलीय. नाकासमोर."

"मग हलू नका," मावशी म्हणाल्या. "तिचं होईपर्यंत थांबा."

यजमान थांबले.