ठेचलेल्या डोक्याचा साप

मंडळी, आज सकाळी रानशेतहून सुरेशचा फोन आला. गाडीखाली मेलेला पट्टेरी साप त्याने हाताने रस्त्याच्या कडेला टाकला आणि बोटाला काहीतरी टोचलं. सोबत फोटो.

"बाई, कवड्याच ना? मग मी कामावर जातो."

कवड्या बिनविषारी, मण्यार जीवघेणी, आणि पट्टे दोघांच्याही अंगावर. फोटोत डोकं दगडाने ठेचलेलं होतं. मेलेला साप पुन्हा उठेल म्हणून आपल्याकडे ठेचतातच. बाकीचं अंग चाकाखाली चपटं झालेलं.

"मला सांगता येत नाही. आधी दवाखाना गाठ."

"असं कसं? तुम्ही तर नुसती शेपटी बघून नाव सांगता!"

खरंच सांगत आले, इतकी वर्षं, याच ग्रुपवर, ऐटीत. तीच ऐट आज गळ्याशी आली. त्याला फक्त 'कवड्या' ऐकायचं होतं आणि तो शब्द माझ्या जिभेवर आला होता.

शेवटी ओरडले, तेव्हा गेला. आता दवाखान्यात देखरेखीखाली आहे, ठीक आहे, माझ्यावर चिडलाय. साप कोणता, मला अजूनही माहीत नाही.

मेलेल्या सापालाही हात लावू नका. टोचलं तर आधी दवाखाना, मग मी.

मी 'माहीत नाही' म्हटलं, तर तुम्ही तरी ऐकाल ना?