ओवाळणी कोणत्या रकान्यात?

चंदीगडला बदली होऊन आल्यावर आमच्या ह्यांना हिशेबाची हुक्की आली. ऑफिसातल्या कुणा मित्रानं म्हणे फोनवर खर्च टिपून टिपून पैसे साठवले आणि इथून जवळच्या खरड गावात फ्लॅट घेतला. झालं. दिवाळीआधीच्या आठवड्यात हे फोनवर तीन ॲप उतरवून बसले. मला एक पटलं होतं, ज्यात ज्याचा हिशेब त्याच्याच फोनवर राहतो. ह्यांना हवं होतं दोघांचं एकत्र. म्हणजे मी सेक्टरच्या बाजारात मेथीची जुडी घेतली की तिकडे ऑफिसात ह्यांचा फोन वाजणार.

"लपवायचंय काय त्यात?" हे म्हणाले.

लपवायचं काहीच नव्हतं. कुणाला जाब न देता खर्चता येतील असे चार पैसे मला हवे होते, बस. पण ते सांगायला गेले की माझा आवाज चढायचा, आणि तो चढला की ह्यांना वाटायचं, पाणी कुठेतरी मुरतंय. जेवायला समोरासमोर बसायचो, पण बोलणं 'भात वाढू का' एवढ्यावर आलं होतं. शेवटी वैतागून मी म्हटलं, घ्या तुम्हाला हवं ते.

पाडव्याला मी ह्यांना ओवाळलं. ह्यांनी तबकात पाच हजार ठेवले. बायकोच्या ओवाळणीचं पुढे काय झालं हे आमच्यात कुणी विचारत नाही. माझे सासरे एवढे तापट, पण त्यांनीही सासूबाईंना कधी विचारलं नाही. मी तबक देवापाशी ठेवून वळते तोवर हे फोन उघडून उभे.

"अगं, हे पाच हजार घरखर्चात टाकू की तुझ्या खर्चात? आणि त्यातून काय घेतलंस तेही भर, नाहीतर लाल दिसत राहतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सणाच्या दिवशी भांडायचं नाही म्हणून ओठ आवळून धरले, पण राहवेना. सोलापुरात मी शिक्षिका होते, कायम नोकरीत. ह्यांच्या बदलीपायी राजीनामा देऊन आले, आणि त्या दिवसापासून माझ्या खात्यात माझं म्हणून काही आलं नव्हतं.

"अहो, मी सोडलेला पगार कोणत्या रकान्यात टाकलात?"

ह्यांची मान खाली गेली. मला वाटलं, चला, उमगलं एकदाचं. तर ह्यांचा अंगठा पडद्यावर फिरत होता. एकेक रकाना खाली सरकवत हे खरंच शोधत होते.